जिउ-जित्सूचा वर्ग निवडताना

प्रश्न : मुलगी ९ वर्षांची आहे, मलाही शिकायचंय. दोघींना चालेल असा ब्राझिलियन जिउ-जित्सूचा (जमिनीवर पकडी घालून लढायच्या कुस्तीसारख्या खेळाचा) वर्ग कसा ओळखावा?

उत्तर : नाव घालण्याआधी एक पूर्ण तास बसून बघा. जोड्या वजन पाहून लावतात का, आणि समोरच्याने ‘टॅप’ करताच, म्हणजे हार मानल्याची थाप देताच, पकड सुटते का? निम्मा निर्णय इथेच होतो. मुलांचा वर्ग वेगळाच हवा. त्यांना टाच पिळण्याचे डाव शिकवत असतील तर सरळ उठून या. मॅट रोज जंतुनाशकाने पुसत नसतील तर गजकर्णाला आमंत्रणच. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमाने निळा पट्टा (मोठ्यांच्या श्रेणीत पांढऱ्यानंतरचा) १६व्या वर्षाआधी नाही, त्यामुळे लहानग्यांना तो वाटणाऱ्यांपासून लांब राहा. तुम्हाला पहिल्याच आठवड्यात पूर्ण जोराच्या झुंजीत उतरवलं, तर बरगडी दुखावणार. वर्षाची फी एकदम भरू नका.