ओढा, नाला आणि नकाशातली काळी रेघ

प्रश्न असा आहे: पिंपरी-चिंचवडच्या जुन्या टोपोशीटवर (जमिनीचे चढउतार, पाणी, गावं दाखवणाऱ्या सरकारी नकाशावर) आमच्या सोसायटीच्या जागेतून एक काळी रेघ पवना नदीला मिळते. शेजारी 'नाला' लिहिलंय. म्हणजे तेव्हाही इथे गटारच होतं का? ओढा आणि नाला यांत फरक काय?

गटार नव्हे हो! नाल्याला गटार समजायची खोड हल्लीची, आणि दर मे महिन्यात 'नालेसफाई' वाचताना ती मला टोचते. भारतीय सर्वेक्षणाच्या नकाशांत काळी रेघ म्हणजे पावसाळा सरला की कोरडं पडणारं पात्र. बारमाही पाणी निळं. काळा रंग घाणीचा नाही. आणि नाला हिंदीतून घुसला म्हणणाऱ्यांनी नळी आणि बाळाची नाळ आठवावी.

खरी गंमत ओढ्यात आहे. 'ओढणे'वरून ओढा, एवढं सांगून बरेच जण थांबतात. पण ओढणे कुठून आलं? माझ्या मते संस्कृत 'वह्' (वाहणे, वाहून नेणे) या धातूपासून. त्याचं भूतकृदंत ऊढ; मागे 'आ' लागला की आ + ऊढ = ओढ, म्हणजे जवळ वाहून आणलेलं. हाच ऊढ 'नवोढा'त बसलाय: नव + ऊढा, नुकतीच लग्न करून आणलेली वधू. विवाहात तोच वह्, प्रवाहात तोच. ओढ्यावर 'देशी शब्द', म्हणजे संस्कृतात मूळ न सापडणारा, असा शिक्का मारून मोकळे होणारे विद्वान मला पटत नाहीत. ध्वनी जुळतो, अर्थ जुळतो, तरी शोध अर्ध्यावर का सोडायचा?

आता तुमचा नकाशा पुन्हा पाहा. इंचाला मैल प्रमाणाच्या जुन्या नकाशात पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी ही सुटी गावं, मध्ये पिवळ्या रंगातली शेतं. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये स्थापन झालेली एमआयडीसी मागोमाग आली, आणि पिवळा रंग संपला. पण तपकिरी समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, बघा: काळी रेघ ओलांडताना त्या चढाकडे टोक काढून वळतात. ती टोकं म्हणजेच पाण्याची ओढ. वर स्लॅब टाकला म्हणून जमिनीचा उतार बदलत नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढा घरांत शिरला, तेव्हा 'नाल्याला पूर' असं कानावर पडत राहिलं आणि मी चिडून प्रत्येकाला दुरुस्त करत होतो. कात्रजच्या डोंगरातलं पाणी होतं ते!

तुमच्या पार्किंगमध्ये पावसाळ्यात पाणी येतं का? आणि गावठाणातल्या एखाद्या आजोबांना त्या रेघेचं नाव विचारून मला नक्की कळवा.