व्हॅनचं नंतर बघू, आधी ती पॉलिसी बघू

प्रश्न : वय 34, पत्नी आणि चार वर्षांची मुलगी. सर्फिंगच्या सहलींसाठी जुनी मालवाहू व्हॅन घेतली, त्यात सगळी शिल्लक संपली. आता पलंग, ओटा, पाणी आणि वीज करायची आहे. तयार किटला सहा पगार लागतील. 14 टक्क्यांनी पाच वर्षांचं कर्ज मिळतंय. स्वतः केलं तर दीड पगारात होईल. आम्ही वर्षाला 25 रात्री राहू, 100 रात्री व्हॅन भाड्याने देऊन हप्ते फेडू. बचतीची काळजी नाही, मेहुण्याकडून घेतलेली पॉलिसी आहे : वर्षाला एक पगार, 20 वर्षं, शेवटी 30 पगार. मला काही झालं तर घरी 20 पगार. तीन प्रीमियम भरलेत. मोडली तर एकच पगार परत मिळेल, म्हणून चालू आहे. किट घेऊ की स्वतः करू?

उत्तर : स्वतः करा. तुमचा प्रश्न इथे मिटला. आता न विचारलेलं.

बचतीची काळजी नाही, असं तुम्ही लिहिता. मला तर पत्रात बचत दिसलीच नाही. 20 भरून 30 मिळणार म्हणजे दीडपट, हे मेहुण्याने नक्की सांगितलं असणार. पैसे सरासरी दहा-साडेदहा वर्षं अडकतात, हे नसेल सांगितलं. त्या हिशेबाने परतावा पावणेचार टक्क्यांच्या आसपास येतो. म्हणजे एका हाताने पावणेचारने गुंतवायचे आणि दुसऱ्या हाताने 14 ने उचलायचे.

आणि विमा? 20 पगारांत घर पावणेदोन वर्षंही चालणार नाही. उद्याच काही झालं, तर पैसे संपतील तेव्हा मुलगी सहा वर्षांचीही नसेल. हा विमाही धड नाही, गुंतवणूकही नाही. असली खिचडी विकणाऱ्यांचा मला मनापासून कंटाळा आलाय, नात्यातले असले तरी.

'तीन पगार भरलेत, मिळणार एकच' हे दुःख खरं आहे, पण गेलेले दोन पगार पॉलिसी चालू ठेवून परत येत नाहीत. हिशेब आजपासून मांडा : आजचा एक पगार सोडायचा आणि पुढचे 17 भरायचे, मग 30 मिळणार. हा परतावा सव्वापाच टक्क्यांच्या आतबाहेर आहे. पावणेचारपेक्षा बरा, पण पुढची 17 वर्षं त्यात अडकावं इतका नाही.

मात्र क्रम चुकवू नका. आधी निव्वळ टर्म विमा घ्या, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा, किमान दहा वर्षांच्या उत्पन्नाइतका. अर्जात सर्फिंगचा छंद स्पष्ट लिहा, लपवलात तर दाव्याच्या वेळी घरचे अडचणीत येतील. तो विमा हातात पडला की मगच जुनी पॉलिसी मोडा. मिळालेला एक पगार अडीअडचणीच्या निधीत टाका, त्यातून प्लायवूड आणू नका.

आता पैसे कुठून? कर्ज घेतलं असतं तर महिन्याला पगाराचे 14 टक्के हप्त्यात गेले असते आणि सहा पगारांचे जवळजवळ साडेआठ फेडले असते. तेच 14 आणि सुटलेल्या प्रीमियमचे आठ मिळून 22. टर्मचा खर्च काढून 20 धरा. दहा महिन्यांत दोन पगार जमतात, आणि निधी तीन पगारांचा होतो. पुढच्या सात-आठ महिन्यांत व्हॅनचं सगळं काम.

100 रात्रींच्या भाड्याचं स्वप्न सोडा. वर्षात शनिवार-रविवारच्या मिळून रात्री 104. चांगल्या लाटांच्या त्याच सुट्ट्या तुम्हालाही हव्यात आणि भाडेकरूलाही. शिवाय खासगी गाडीचा विमा भाड्याच्या वापराला बहुधा चालत नाही.

तोवर व्हॅन रिकामी ठेवू नका. पलंगाचा साधा सांगाडा करा, खाली सर्फबोर्ड. आधी सर्वांत लांब बोर्ड मोजा; 9 फुटी लाँगबोर्ड पावणेतीन मीटर जागा खातो, मग पलंगाची दिशा आपोआप ठरते. ओल्या वेटसूटसाठी (सर्फिंगचा रबरी पोशाख) झाकणाचा डबा, छताला पंखा. चार सहली अशाच करा, ओटा कुठे हवा हे कळेल. किटवाल्याला ते कळणार नाही.

वजनाला जपा. 8 बाय 4 चा 18 मिमी प्लाय साधारण 30 किलो भरतो, 12 मिमी 20. दहा शीटमध्ये 100 किलोंचा फरक पडतो, त्यात 60 लिटर पाणी म्हणजे आणखी 60 किलो. दोन रात्रींना फ्रिज लागत नाही, बर्फाचा डबा पुरतो. मग मोठी बॅटरीही नको. जी बॅटरी घ्याल, तिच्या अगदी जवळ फ्यूज बसवा.

काम सुरू करण्याआधी गाडीच्या विमा कंपनीला बदल लेखी कळवा आणि त्यांचं उत्तर येईपर्यंत करवत उचलू नका. मेहुण्याला मात्र पॉलिसी मोडून झाल्यावरच सांगा.