मितभाषी मुलीला उलटतपासणी झेपेल का?

स. न. वि. वि.

बारावीत शिकणाऱ्या आपल्या मुलीला फौजदारी वकिली करायची आहे. परंतु ती हळू बोलते, वाद टाळते, त्यामुळे विरुद्ध बाजूच्या साक्षीदाराची उलटतपासणी तिला झेपणार नाही, अशी चिंता आपण पत्रात व्यक्त केली आहे. ही चिंता स्वाभाविक असली, तरी चढा आवाज ही उलटतपासणीची पात्रता आहे हे मला मान्य नाही.

हे काम मुख्यतः कागद बारकाईने वाचण्याचे आणि उत्तर नीट ऐकण्याचे आहे. मारहाणीच्या खटल्यात साक्षीदार सरतपासणीत, म्हणजे त्याला बोलावणाऱ्या बाजूच्या वकिलाच्या प्रश्नांना उत्तरे देताना, सांगतो की आरोपीच्या हातात काठी होती, आणि त्याच्या पोलिसांपुढील जबाबात मात्र काठीचा उल्लेखच नसतो. अशा वेळी ‘हे पोलिसांना सांगितले होते का?’ असे शांतपणे विचारावे लागते. तो बहुधा ‘सांगितले होते, का लिहिले नाही ते सांगता येणार नाही’ असे उत्तर देतो. पुढे तपासी अंमलदाराची, म्हणजे गुन्ह्याचा तपास केलेल्या पोलीस अधिकाऱ्याची, साक्ष होते तेव्हा, त्या साक्षीदाराने तसे सांगितले नव्हते, हे त्यांच्याकडून वदवून घ्यावे लागते. ही दुसरी पायरी विसरली, तर पहिल्या प्रश्नाची मेहनत वाया जाते. तसेच आपल्या पक्षकाराची बाजू साक्षीदारापुढे मांडावीच लागते, कारण साक्षीतील ज्या भागाला आव्हान दिले नाही तो मान्य आहे, असे न्यायालय धरू शकते. साक्षीदाराचा अपमान करणारे प्रश्न तर भारतीय साक्ष अधिनियम, 2023 नुसार न्यायालयाला रोखता येतात.

बारावीनंतर सीईटी देऊन पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाला प्रवेश घेता येतो; पदवीनंतर बार कौन्सिल या वकिलांच्या नियामक संस्थेकडे नोंदणी आणि अखिल भारतीय बार परीक्षा हे टप्पे असतात. खरे शिक्षण मात्र जिल्हा न्यायालयात नियमित खटले चालवणाऱ्या वकिलांच्या हाताखालीच होते, आणि त्या पहिल्या काही वर्षांतील मिळकत तुटपुंजी असते, याची तयारी आपण पालक म्हणून आजच ठेवावी. तेथील साक्षी बहुतांशी मराठीत होतात, त्यामुळे तिचे मराठी वाचन चालू राहू द्या.

निर्णयापूर्वी तिला सत्र न्यायालयातील खुल्या सुनावणीला दोन-तीन दिवस बसवावे, आणि संध्याकाळी कोणत्या प्रश्नानंतर साक्षीदार अडखळला, एवढेच तिला विचारावे. ती हे उत्साहाने सांगू लागली, तर तिला अडवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.