'स्वमग्न' की 'ऑटिझमग्रस्त'?

नागपूरच्या एका कॉलेजातली नाटकवाली मुलं विचारतात: आमच्या नाटकात आई शेजारणीला सांगते, "माझा मुलगा स्वमग्न आहे." वाक्य तोंडात बसत नाही. दिग्दर्शक म्हणतो, 'ऑटिझमग्रस्त' करा. योग्य काय?

'ग्रस्त' आधी काढा. 'ग्रस्' म्हणजे गिळणं. पंचांगातला ग्रस्तोदित सूर्य ग्रहण लागलेलाच उगवतो. पेपरात पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त असतात. ऑटिझम असा मागाहून येऊन कुणाला गिळत नाही, ती मेंदूची मुळातली घडण आहे.

'स्वमग्न' चूक नाही. 'ऑटिझम'मध्येही ग्रीक 'ऑटोस', म्हणजे 'स्वतः', बसलेला आहेच. ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञाने तो शब्द स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात घडवला होता. मुलांच्या बाबतीत तो रुळला लिओ कॅनर यांच्या १९४३ च्या लेखानंतर. पण मराठी कानाला 'मग्न' म्हटलं की ध्यानमग्न आठवतो, समाधी लागल्यासारखा. घोळ इथे होतो. तुमच्या तालमीला मी तासभर बसलो होतो. नायक झालेला पोरगा सगळा वेळ मान खाली घालून, ढिम्म. शब्दानेच त्याला अभिनय शिकवला म्हणा ना! डोक्यावर पंखा खडखडत होता, तुम्ही आवाज चढवून बोलत होता, आणि त्याला काहीच नाही. अहो, अशा कित्येकांना पंख्याची खडखड, ट्यूबलाइटची गुणगुण, शर्टाच्या लेबलाचं टोचणं सोसवत नाही. तुमच्या नायकाला तो पंखा सगळ्यांच्या आधी ऐकू यायला हवा.

आईच्या तोंडी सरळ 'ऑटिस्टिक' घाला. डॉक्टरांकडे, शाळेत, नातेवाइकांत आया हाच शब्द वापरतात. 'स्वमग्न' माहितीपत्रकात शोभेल. "त्याला ऑटिझम आहे" हेही चालेल. 'ला' लावला की आजार वाटतो, असं तुमच्यातली एक मुलगी म्हणाली. पण "त्याला दोन बहिणी आहेत" असंही आपण म्हणतोच की.

'मतिमंद' मात्र पर्याय म्हणून नको. ती वेगळी गोष्ट. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याच्या नावातसुद्धा दोन्ही वेगवेगळे मोजले आहेत.

राहिली शेजारीण. ती नागपूरची आहे, तिला इतकं शुद्ध का बोलायला लावता? "भैताड आहे का हो तुमचा पोरगा?" असंच ती विचारेल. शब्द वाईट आहे, म्हणूनच राहू द्या. तेव्हा मुलगा खोलीतच असू द्या, आणि त्याला तो ऐकू आला आहे हे शेवटच्या रांगेतल्यालाही दिसू द्या.