खाडीवरची मुलगी आणि अकरावीचा फॉर्म

«मॅडम, सप्रेम नमस्कार. आम्ही देवगड तालुक्यातले. घरची हापूसची कलमं आहेत. मुलीला दहावीला ८६ टक्के मिळाले. तिचे बाबा म्हणतात, सायन्स घे, पुढे फार्मसी कर, कणकवलीला दुकान टाकून देऊ. ती म्हणते आर्ट्स. दर रविवारी पहाटे खाडीवर पक्षी बघायला जाते, माझ्या मोबाइलवर फोटो काढते. घरी आली की त्या फोटोंच्या झेरॉक्स, फाटकी जाळी, काथ्या, पिसं, लाल माती असलं काय काय पुठ्ठ्यावर चिकटवून चित्रं करते. पलंगाखाली तीन खोके भरलेत. सासूबाई म्हणतात, 'चेडवाक पाखरांचा खूळ लागलाहा.' (स्वतः मात्र गुडघे दुखेपर्यंत ओहोटीला कालवं काढायला जात होत्या.) आता मोठ्या लेन्सचा कॅमेरा मागतेय. किंमत ऐकून ह्यांनी हात टेकले. तीन-तीन छंद, मग अभ्यास कधी? यातला एक निवड म्हटलं की रडते. कुठला निवडायला सांगू? आणि यातून पोट भरतं का? सोबत तिने काढलेला एक फोटो आणि एक चित्र पाठवते. फोटोतला पक्षी कुठला, तेही सांगा.»
– एक आई

ताई,

पत्र वाचायच्या आधी मी चित्र बघत बसले. पुठ्ठ्यावर जांभ्याच्या मातीचा थर, त्यावर जाळ्याचा निळा दोरा पाण्याच्या रेषेसारखा आडवा, आणि त्या रेषेवर झेरॉक्समधून कापलेले वीस-बावीस लहान पक्षी. सगळ्यांची तोंडं डावीकडे. सुरुवातीला वाटलं, पोरीने एकच झेरॉक्स वीसदा चिकटवली असेल. पण प्रत्येक पक्षी वेगळा आहे. कुणी एका पायावर उभा, कुणी चोच पाठीत खुपसलेली. चित्राच्या मागे पेन्सिलने तिने लिहिलंय: 'वारा डावीकडून'.

वाळूवर विसावलेले चिखल्या, तुतवार असले किनाऱ्यावरचे लहान पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उभे राहतात, म्हणजे पिसं विस्कटत नाहीत. हे तिला कुणी शिकवलं असेल असं वाटत नाही, बघून कळलंय. बघितलं म्हणून फोटो काढला, फोटो होता म्हणून पायांचे फरक दिसले, आणि ते मांडायला पुठ्ठा, माती, दोरा लागला. तुम्हाला तीन छंद दिसताहेत. मला एकच सवय दिसते आहे, तिची तीन हत्यारं आहेत एवढंच. त्यातलं एक निवडायला सांगणं म्हणजे सुताराला करवत, रंधा आणि पटाशीतलं एक ठेव म्हणण्यासारखं आहे. रडेल नाही तर काय करेल?

राहिला वेळेचा प्रश्न. तो आपल्या कोकणात बराचसा पावसाने आधीच सोडवलेला आहे. किनाऱ्यावरचे पाहुणे पक्षी साधारण ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत असतात. कुरवांचे थवे, चिखल्या, तुतवार सगळे तेव्हाच. एप्रिल-मेमध्ये तुमच्या घरी आंबा, म्हणजे तिलाही पेट्या भरायला बसावं लागत असणार. एक जूनपासून दोन महिने मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, खाडीवर जाण्यात अर्थ नाही. म्हणजे हिवाळ्यात बघायचं नि टिपायचं, उन्हाळ्यात फोटो निवडायचे, पावसाळ्यात घरात बसून चिकटवायचं. जाळ्यांचे टाकाऊ तुकडेही तेव्हाच मिळतात, कारण खारवी जाळी दुरुस्त करत बसलेले असतात. अट एकच घाला: हिवाळ्यात रविवारची सकाळ तिची, शनिवार अभ्यासाचा. वर्षभर रोज तिन्ही करू द्यायची गरज नाही, ती करतही नसेल.

पावसाळ्यातल्या चित्रांबद्दल दोन गोष्टी तिला सांगा, कारण हे शहरातल्या कलाशिक्षकांना चटकन सुचत नाही. आपल्याकडच्या दमट हवेत पिठाच्या खळीला बुरशी धरते आणि झुरळं कागद खातात. जुने बुकबाइंडर म्हणून खळीत चिमूटभर मोरचूद घालायचे. पण ते विष आहे, तेव्हा घरात तो उद्योग नको, फेविकॉल बरा. आणि झेरॉक्स कापून चिकटवण्यापेक्षा तिला एक गंमत करून बघू दे. अॅक्रिलिक जेल मीडियम लाकडावर किंवा पुठ्ठ्यावर लावायचं, त्यावर झेरॉक्स किंवा लेझर प्रिंट पालथी दाबायची, पुरता दिवसभर वाळू द्यायची, मग कागद ओला करून बोटाने चोळत काढायचा. कागद निघतो, काळी शाई खाली राहते. आकृती उलटी येते, म्हणून प्रिंट आधी उलटी काढून घ्यायची. इंकजेटची शाई पसरते, ती चालत नाही. आंब्याच्या पेटीच्या जुन्या फळ्या तुमच्याकडे असतीलच. त्यांवर पाखरू उमटलेलं बघायला मला आवडेल.

खोक्यातली पिसं मात्र बाहेर काढा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे जंगली पक्ष्यांची अंडी, घरटी, पिसं जमवणं आणि विकणं चालत नाही. मोराच्या आपसूक गळलेल्या पिसाला तेवढी सूट आहे. काही शंखांनाही हाच कायदा लागतो. आज ते घरातल्या पुठ्ठ्यावर आहे, उद्या कुणी प्रदर्शनात चित्र विकत घेतलं तर पंचाईत. पीस सापडलं की शेजारी पट्टी ठेवून फोटो काढायचा, चित्र काढायचं आणि पीस तिथेच सोडून यायचं. काथ्या, सुरूची फळं, काजूची साल, जाळी, माती एवढं सामान कमी आहे का?

आता पोट. तुम्ही सरळ विचारलंत, मी सरळ सांगते. फक्त पक्ष्यांचे फोटो विकून घर चालवणारी माणसं फार थोडी आहेत, आणि त्यातल्याही बऱ्याच जणांचं घर फोटोंवर नाही तर सहली नेण्यावर, शिकवण्यावर चालतं. 'आवड असेल तर पैसा मागून येतो' असं व्यासपीठावरून सांगणारे लोक मला आवडत नाहीत. त्यांचा पैसा व्याख्यानातून येतो.

पण याची दुसरी बाजू तुमच्याच किनाऱ्यावर आहे. पक्षीतज्ज्ञ सालिम अलींना पदवी नव्हती. मुंबईच्या संग्रहालयातली नोकरी होती, ते जर्मनीला शिकून परत आले तर १९३० साली ती जागाच रद्द झालेली. हाताला काम नाही, म्हणून बायकोबरोबर अलिबागजवळ किहीमला येऊन राहिले. घराजवळ सुगरणींची वसाहत होती. पावसाळाभर तिच्यासमोर बसून त्यांनी टिपणं काढली: नर अर्धं घरटं विणतो, मादी येऊन तपासते, पसंत पडलं तर ताबा घेते, आणि तो पुढचं घरटं विणायला लागतो. हा अभ्यास १९३१ साली छापून आला आणि पुढे त्यांचं नाव त्यावर उभं राहिलं. हे तुमच्या यजमानांना मुद्दाम सांगा. मात्र त्यांना हेही सांगा की पदवी नसल्यामुळे सालिम अलींना नोकरीच्या बाबतीत फार सोसावं लागलं. ही गोष्ट दोन्ही बाजूंनी वाचायची.

म्हणून पदवी हवीच. कुठली, हे आज ठरवू नका. आधी एक परीक्षा घ्या, हिला मार्कं नाहीत. या तिन्ही कामांत प्रत्येकी एक कंटाळवाणा भाग असतो. पक्षी बघण्यात मोजणी: चारशे चिखल्या एकसारखे, आणि वहीत आकडा, वेळ, भरती-ओहोटी लिहायची. दर वेळी, नवीन काही दिसलं नाही तरी. फोटोत निवड: सहाशे फोटो काढले तर पाचशे ऐंशी पुसायचे. चित्रात थांबणं: थर वाळायची वाट, पसंत नाही म्हणून तिसऱ्यांदा खरवडून काढणं. या हिवाळ्यात बघा, ती कुठल्या भागाला कुरकुरत नाही. आनंदाच्या भागावरून काही कळत नाही, उडता समुद्री गरुड (गावात तुम्ही त्याला काकण म्हणत असाल) बघून सगळेच हरखतात.

मोजणीला कंटाळत नसेल तर विज्ञान. ईबर्ड या पक्ष्यांच्या नोंदींच्या वेबसाइटवर तिचं खातं उघडून द्या, फुकट आहे; एका ठिकाणच्या वर्षभराच्या याद्या तिथे खरोखर अभ्यासाला वापरल्या जातात. अशा मुलीसाठी दापोलीला कोकण कृषी विद्यापीठाचं वनशास्त्र महाविद्यालय आहे, रत्नागिरीला शिरगावात मत्स्यविज्ञानाचं आहे, प्राणिशास्त्राची साधी बीएस्सी तर जवळच होते, आणि पुढे देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत एमएस्सी. खरवडण्याला कंटाळत नसेल तर सावर्ड्याचं कला महाविद्यालय आहे, मुंबईचं जे. जे. आहे, डिझाइनच्या प्रवेश परीक्षा आहेत. फोटो पुसण्यातच रमत असेल तर, खरं सांगू, तिला संपादनाची नजर आहे. ती पुढे माहितीपटात, मासिकात, संग्रहालयात कुठेही कामाला येते, पण त्यासाठी बारावीनंतर ठरवलं तरी चालतं.

यातून अकरावीचं उत्तर निघतं. कलेच्या बहुतेक दारांना शाखेची अट नाही, सायन्स केलेली मुलगी जे. जे.ची प्रवेश परीक्षा देऊ शकते. वनशास्त्राचं, प्राणिशास्त्राचं दार मात्र आर्ट्सवाल्याला बंद. म्हणून माझं मत सायन्स, जीवशास्त्रासह. गणित तिला जड असेल तर सोडायला सांगा. तिच्या बाबांची फार्मसीही त्यातूनच शाबूत राहते, त्यामुळे घरात आज भांडायचं कारण नाही. पण एक गोष्ट: सायन्स म्हणजे रोज एसटीने तासभर जाऊन क्लास, रविवारी क्लासची टेस्ट, असं असेल तर मी माझं मत मागे घेते. त्यापेक्षा आर्ट्स घेऊन खाडी राहू दे. कॉलेज जवळचं घ्या, क्लास नको. ८६ टक्क्यांच्या मुलीला बीएस्सीपुरते मार्क घरच्या अभ्यासावर पडतात.

कॅमेरा. नको, इतक्यात नको. ६०० मिमीपर्यंतच्या लेन्सला नव्या मोटारसायकलीएवढे पैसे जातात आणि आपली हवा तिला दोन पावसाळ्यांत संपवते. मी एकदा लेन्स कपाटात ठेवली आणि गणपतीत बाहेर काढली, तर आत कोळिष्टकासारखी बुरशी. तेव्हापासून घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या. तिला त्याऐवजी ८×४२ची दुर्बीण घेऊन द्या. आठपट मोठं दिसतं आणि ४२ मिमीच्या भिंगामुळे पहाटेच्या अंधुक उजेडातही नीट दिसतं. याच दुर्बिणीला मोबाइल टेकवून फोटोही निघतात, थोडा सराव लागतो. शिवाय तिच्या चित्राकडे बघून मला वाटतं, तिला जवळचे फोटो नकोच आहेत. डोळ्यातली चमक दिसणारे फोटो हजारो जण काढतात. मोठी खाडी आणि तिच्यात बोटभर पाखरं, हे तिचं आहे; ते मोबाइलवर निघतं. दोन वर्षांनी वही भरलेली दिसली तर जुना, वापरलेला कॅमेरा बघा. घरट्याजवळ जाऊन फोटो काढायचे नाहीत, मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बोलवायचं नाही, हे आत्ताच घरचा नियम म्हणून सांगून ठेवा.

एकटीने खाडीवर जाणं मला पसंत नाही. मुलगी म्हणून नव्हे, खाजणातल्या चिखलात मुलगा-मुलगी सारखेच रुततात, आणि भरती मागून कधी येते ते दुर्बिणीतून दिसत नाही. कुणीतरी सोबत हवं, वेळ बघून जायला हवं. वेळेचं गणित तुमच्या सासूबाईंना तोंडपाठ असणार: तिथीची पाऊणपट केली की भरतीचा साधारण तास येतो, अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याची चढ-उतार कमी. पाणी उतरायला लागलं की पक्षी खायला पसरतात, म्हणून तिलाही हेच गणित लागणार आहे.

५ ते १२ नोव्हेंबर आपल्या राज्यात पक्षी सप्ताह असतो. मारुती चितमपल्लींच्या वाढदिवसापासून सालिम अलींच्या वाढदिवसापर्यंत. तेव्हा गावच्या शाळेत किंवा वाचनालयात तिची आठ-दहा चित्रं लावा, शेजारी वहीतले आकडे. तिच्या बाबांना चित्रं टांगायला खिळे मारू द्या.

आणि फोटोतला पक्षी. काळा-पांढरा, कोंबडीएवढा, लांब सरळ चोच नारिंगी-लाल, कातळावर उभा. हा कालवफोड्या. त्या चोचीने तो शिंपले उघडतो, कालवंही सोडत नाही, म्हणून नाव तसं. हिवाळ्यातच येतो आणि जिथे कालवं भरपूर, अशा खडकांवर दिसतो. तिला फोटोत एकच सापडलाय, तोही लांब. सासूबाई कालवं काढायला कुठल्या कातळावर जायच्या ते त्यांना विचारा, आणि गुडघे परवानगी देत असतील तर डिसेंबरातल्या एखाद्या ओहोटीला नातीबरोबर त्यांनाच पाठवा.