ओळीवर नाही, आयडीवर जोड

प्रिय मुली,

लिनक्सच्या पेस्ट कमांडनं तू जोडलेली, बारा नमुन्यांच्या जनुकांच्या मोजणीची फाइल बघितली. अकरा कॉलम ठीक, बारावा मधूनच बिघडलाय, आणि 'पेस्टनं एरर कशी दिली नाही?' म्हणून तू चक्रावली आहेस. देईल कशी? पेस्टला जनुक कळत नाही. ती पहिलीशेजारी पहिली ओळ ठेवते, दुसरीशेजारी दुसरी. बारावी फाइल जुन्या जीटीएफवर, म्हणजे जनुकं कुठे आहेत ते सांगणाऱ्या फाइलीवर, मोजलेली. तिच्यात मधलं एक जनुक नाही, म्हणून खालचे सगळे आकडे एकेक ओळ वर सरकले. तळाशी एक रिकामी जागा उरली, तेवढाच पुरावा.

ओळीवर नाही, आयडीवर जोड.

जॉइन कमांड आयडी, म्हणजे पहिल्या कॉलममधली जनुकाची खूण, बघते, पण एका वेळी दोनच फाइली घेते, त्याही एकाच लोकेलमध्ये (अक्षरक्रमाच्या सेटिंगमध्ये) सॉर्ट केलेल्या लागतात, आणि जोडी न मिळालेल्या ओळी मुकाट गाळते. त्यापेक्षा ऑक ही ओळीओळीनं फाइल वाचणारी छोटी भाषा घे. एफएनआर, म्हणजे चालू फाइलीतला ओळीचा क्रमांक, १ झाला की फाइलीचा क्रमांक वाढव, आकडा आयडी आणि क्रमांकाच्या जोडीखाली ॲरेत ठेव, शेवटी चालणाऱ्या एंड भागात छाप. साठेक हजार जनुकं मेमरीला जड नाहीत. नसलेल्या जागी एनए, म्हणजे 'माहिती नाही', लिही. शून्य अजिबात नको! शून्य म्हणजे मोजलं आणि एकही रीड, म्हणजे सिक्वेन्सरनं वाचलेला तुकडा, सापडला नाही.

एखादी फाइल रिकामी असली तर एफएनआर १ होतच नाही, क्रमांक तिथेच अडतो आणि पुढचे कॉलम चुकीच्या नावाखाली जातात. आधी डब्ल्यूसीनं ओळी मोज. नावंही हातानं लिहू नकोस: सगळ्या फाइली घ्यायला तारांकन वापरलंस की 'नमुना१०' हा 'नमुना२'च्या आधी येतो. शीर्षक स्क्रिप्टला मिळालेल्या फाइलनावांतूनच काढ.

विंडोजवरून आलेल्या फाइलीत ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न (कर्सरला ओळीच्या सुरुवातीला नेणारं न दिसणारं चिन्ह) असतो. जोडल्यावर तो मध्येच अडकतो, टर्मिनलवर पुढचे आकडे आयडीवरच छापले जातात आणि फाइल मोडल्यासारखी दिसते. कॅट वजा मोठा ए (cat -A) चालव, दिसेल. टीआर कमांडनं तो काढून टाक. रीड मोजणाऱ्या एचटीसेक प्रोग्रॅमच्या फाइलीतल्या तळाच्या, दोन अंडरस्कोरनं सुरू होणाऱ्या पाच ओळीही गाळ, ती जनुकं नव्हेत.

एवढा खटाटोप कशाला, पेस्ट दोन सेकंदांत होते, असं तुझ्या लॅबमधलं कोणीतरी म्हणेलच. म्हणू दे. मी हेका सोडणार नाही: आयडीवर जोड. आणि पेस्टच हवी असेल, तर आधी प्रत्येक फाइलीचा पहिला कॉलम कटनं काढून सीएमपीनं पहिल्या फाइलीशी ताडून बघ. सगळे तंतोतंत सारखे निघाले तरच.

बाराव्या फाइलीला मात्र एनएचं ठिगळ लावू नकोस. जीटीएफ बदलला की जनुकांच्या सीमाही बदलू शकतात, त्यामुळे जुळलेल्या आयडीचे आकडेही तुलनेचे राहत नाहीत. ती नव्या जीटीएफवर पुन्हा मोज, मग जोडायला बस.