वॉटर कूलर लावलाय, प्रोसेसर ६५ अंशांवरच आहे, तरी ओव्हरक्लॉक केल्यावर (ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवल्यावर) व्हिडिओ रेंडर करताना मशीन बंद पडतं. पॉवर सप्लाय बदलू का?

नका बदलू, निदान आत्ताच नको. भाऊ, तुम्ही कूलर सांगितला, तापमानसुद्धा सांगितलं. मदरबोर्ड कोणता, ते मात्र नाही. आणि माझा संशय नेमका बोर्डावर आहे, त्याच्या व्हीआरएमवर, म्हणजे पॉवर सप्लायचे १२ व्होल्ट उतरवून प्रोसेसरला देणाऱ्या भागावर.

याच मुद्द्यावर माझं आणि माझ्या मोठ्या भावाचं अजून पटत नाही. दादाचं लग्नाच्या शूटिंगचं काम. त्याच्यासाठी मी एएमडीच्या एफएक्स-८३५० प्रोसेसरवर मशीन ठरवलं होतं. आठ कोअर, १२५ वॉट. यादीत आठ फेजचा (फेज म्हणजे व्हीआरएममधला करंट वाटून घेणारा एक हिस्सा), हीटसिंकवाला ९९०एफएक्स चिपसेटचा बोर्ड स्पष्ट लिहून दिला. दादा नागपूरच्या बर्डी बाजारात गेला आणि चार फेजचा ७६०जी घेऊन आला. मॉसफेट, म्हणजे करंट चालू-बंद करणाऱ्या व्हीआरएमच्या चिप्स, उघडे, वर पत्र्याचा तुकडाही नाही. दुकानदार म्हणाला, "बोर्डाच्या डब्यावर १२५ वॉट लिहिलंय, कशाला पाहिजे महागाचा?"

हिवाळ्यात तो ४.४ गिगाहर्ट्झवर चालला. उन्हं वाढली तसे रेंडर रेंगाळू लागले. पाहिलं तर प्रोसेसर जेमतेम ५५ अंशांवर, आणि क्लॉक मधूनच १.४ वर कोसळतोय. बोर्ड स्वतःचा जीव वाचवत होता. मी ओव्हरक्लॉक काढून टाकला, सगळं स्टॉकवर, म्हणजे कंपनीच्या मूळ सेटिंगवर आणलं. तरीही ऐन मे महिन्यात, बाहेर ४५ अंश असताना, जळका वास आला आणि मशीन गेलं. दादा म्हणाला, "तू प्रोसेसरला डिवचलंस म्हणून जळालं." दुकानदाराने लाइनच्या चढउतारावर ढकललं.

मल्टिमीटर लावला. प्रोसेसरच्या १२ व्होल्ट कनेक्टरची पिन आणि ग्राउंड यांत सरळ शॉर्ट. एका फेजचे वरचा (१२ व्होल्टकडचा) आणि खालचा (ग्राउंडकडचा) दोन्ही मॉसफेट गेले होते. (मॉसफेटशेजारच्या कॉइलपासून ग्राउंडपर्यंत मोजून घाबरू नका. तिथे चांगल्या बोर्डावरही रोध फार कमी येतो, मीटर बीप करतो.) नशीब की पॉवर सप्लाय लगेच ट्रिप झाला. नुसता वरचा मॉसफेट शॉर्ट झाला तर १२ व्होल्ट थेट प्रोसेसरवर जातात आणि मग प्रोसेसरही संपतो.

हिशोब साधा आहे. ओव्हरक्लॉकवर १.४ व्होल्टला २०० वॉट म्हणजे १४० ॲम्पियरच्या वर. चार फेजमध्ये वाटले तर प्रत्येकी ३५. त्यात दहा-पंधरा टक्के वाया गेले तरी २०-३० वॉट उष्णता त्या उघड्या तुकड्यांतून निघणार. तापला की मॉसफेटचा रोध वाढतो, रोध वाढला की आणखी तापतो. आणि व्होल्टेज वाढवलं की वॉट वर्गाच्या पटीत चढतात, म्हणून शेवटचे १०० मेगाहर्ट्झ सगळ्यात महाग पडतात.

तुमच्याकडे तर वॉटर कूलरने सॉकेटभोवतीची हवाच काढून घेतली आहे. प्रोसेसरच्या डब्यात येणारा पंखा खाली वारा मारायचा, तो निदान मॉसफेटवरून जायचा. आज साइड पॅनल काढा, टेबल फॅन थेट सॉकेटच्या वरच्या-डाव्या बाजूला लावा आणि तोच रेंडर चालवा. मशीन बराच वेळ टिकलं तर चोर सापडला. एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये व्हीआरएमचं तापमान दिसलं तर उत्तमच. स्वस्त बोर्डांवर तो सेन्सर बरेचदा नसतो.

फॅनने काहीच फरक पडला नाही, तर मग दुसऱ्याचा पॉवर सप्लाय लावून बघा. आणि प्रोसेसर इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीचा असेल, तर आधी बायोस अपडेट करा. तिथे जास्त व्होल्टेज मागणाऱ्या मायक्रोकोडची (प्रोसेसरच्या आतल्या प्रोग्रामची) चूक इंटेलनेच २०२४ मध्ये मान्य केली. त्यात व्हीआरएमचा दोष नाही.

दादाला मी नंतर यादीतलाच बोर्ड आणायला लावला. तोच प्रोसेसर, तोच कूलर, ४.५ गिगाहर्ट्झ, आणि नागपूरचे कितीतरी उन्हाळे त्याने लग्नाच्या सीझनमध्ये रात्र-रात्र रेंडर काढून घालवले. तरी दादाचं म्हणणं, पहिला बोर्ड ओव्हरक्लॉकनेच कमजोर झाला होता. मग त्याहून जास्त ओव्हरक्लॉकवर दुसरा का नाही झाला, याचं उत्तर त्याने अजून दिलेलं नाही. तुमच्या बोर्डाचं मॉडेल कमेंटमध्ये टाका.